निरुपयोगी अवयव

“काढलेले दोन्ही डोळे निरुपयोगी होते, रुग्णाचे कोणतेही नुकसान झालेले नाही.” रुग्णालयाच्या चौकशी समितीने हे वाक्य अहवालात दोनदा लिहिले आहे. एकदा लिहून समितीचाच त्यावर विश्वास बसला नसावा.

माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची, दृष्टी ऐन पंचविशीत गेली. त्यानंतर बावीस वर्षे तिने कारखान्याचा टेलिफोन बोर्ड सांभाळला. एक दिवस उशीर नाही. डोळे दुखत नव्हते, फक्त भिरभिरत. काचेचे बसवले तर चारचौघांत बरे दिसेल, असे सर्जनांनी सुचवले.

“अहो, पण उजाडलेलं मला कळतं,” ताई म्हणाली.

“का? घरी कोंबडा पाळलाय?” सर्जन हसले. मीही हसलो.

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, म्हणतात. ताईपुरते राहिले. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात, की त्या चित्र उमटवत नाहीत. केवळ उजेड मोजतात आणि मेंदूतल्या घड्याळाला रोज चावी देतात. दृष्टी विझली तरी त्या जिवंत असू शकतात. ताईच्या होत्या. त्या बरणीत गेल्या.

शस्त्रक्रियेनंतर तिची झोप रोज अर्ध्या तासाने पुढे सरकू लागली. चोविसाव्या दिवशी तिची मध्यरात्र भर दुपारी आली, आणि कानाला फोनचे यंत्र असतानाच ती बोर्डावर घोरू लागली.

“काय ताई, नवे डोळे मिळाले ते मिटायलाच का?” साहेबांनी विचारले. सगळी कचेरी हसली. महिन्या-दोन महिन्यांनी तेच पुन्हा घडले, तेव्हा कोणी हसले नाही. “बाई, उद्यापासून घरीच झोपा.”

हा सारा मनाचा खेळ, असा समितीचा निष्कर्ष. तो मान्य करण्याआधी मी ताईचा केसपेपर मागवला. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सर्जनांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात नोंदले होते : प्रखर उजेडात दोन्ही बाहुल्या सावकाश लहान होतात.

आंधळ्या डोळ्याची बाहुली कोणासाठी लहान होते? समितीने विचारले नव्हते, म्हणून मी सर्जनांना विचारले. त्यांनी चष्मा पुसला. उत्तर जसेच्या तसे देतो :

“बाहुली लहान झालेली मी पाहिली, लिहिलीही. पण बाईंना दिसत नव्हतं ना. मग त्यांचे डोळे अजून काही काम करत असतील, हे मनातच आलं नाही. त्यांनी सांगितलं होतं, हे खरं. मला वाटलं, गंमत करताहेत.”