तीन मिनिटं झाली

कांताबाईंनी एकोणसाठाव्या वर्षी पळायला सुरुवात केली, तेव्हा कात्रजच्या त्यांच्या सोसायटीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. "आता गुडघे बदलूनच आणायचे दिसतायत," असं तळमजल्यावरचे रावसाहेब त्यांना बरोबर ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाले. कांताबाईंनी ऐकलं आणि बुटांच्या नाड्या बांधल्या. बाई मुळातच घाईच्या. नोकरी टेलिफोन खात्यात, त्यातली पहिली दहा वर्षं ट्रंक कॉलच्या बोर्डावर. कानाला हेडफोन लावायचा आणि दर तीन मिनिटांनी दोन माणसांच्या बोलण्यात शिरून विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" कुणी रडत असेल तर त्या जरा उशिरा विचारायच्या. आयुष्यात केलेली ढिलाई म्हणाल तर एवढीच.

पळणं शिकवलं श्रद्धानं. ही वरच्या मजल्यावरची मुलगी फिजिओथेरपिस्ट.

"काकू, एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. मोबाइलमध्ये टायमर लावून देते. रोज नाही, एक दिवसाआड. आणि स्पीड किती? तर पळता पळता बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटलं की समजायचं, जास्त होतंय."

"आणि बोलू कुणाशी?"

"कुणाशीही. पण मोठ्यानं हं, मनातल्या मनात नाही."

घरात बोलायला कुणी असतं तर बाई पळायला निघाल्या असत्या कशाला? नवरा, सुखदेव, जाऊन दोन वर्षं झाली होती.

पहिल्या दिवशी कात्रजच्या तळ्यावर धुकं होतं. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं, काही कळत नव्हतं. पलीकडच्या प्राणिसंग्रहालयात काहीतरी झोपेतच गुरगुरलं. टायमर वाजला, कांताबाई पळायला लागल्या, आणि तोंडातून आपसूक निघालं, "अहो, ऐकलंत का, टाकीचा कॉक पुन्हा गळायला लागलाय."

"बरं," शेजारून सुखदेव म्हणाले.

तोच तपकिरी स्वेटर, त्याच चपला, आणि पळताना पावलांचा आवाज अजिबात नाही. कांताबाई दचकल्या वगैरे नाहीत. जिवंतपणी तरी हा माणूस 'बरं'च्या पलीकडे काय म्हणायचा? मिनिट संपलं, टायमर वाजला, त्या चालायला लागल्या आणि शेजारची जागा रिकामी झाली.

आता एका मिनिटात काय बोलणार? कॉक, लाइटचं बिल, रावसाहेबांचे टोमणे. खरं बोलायचं ते राहूनच जायचं. ते गेले त्या संध्याकाळी याच वाटेवर सुखदेव मागे पडले होते. "अहो, पाय उचला की जरा," असं ओरडून कांताबाई पुढे निघून गेल्या. मागे वळून न बघता अख्खी चक्कर मारून आल्या, तेव्हा ते तिसऱ्या बाकावर मान टाकून बसलेले. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलं असतं तर..." आणि पुढचं त्यांनी चांगुलपणानं गिळलं. कांताबाईंना मात्र ते न बोललेलं वाक्य पाठ होतं. चुकलं माझं, एवढं त्यांना सुखदेवना सांगायचं होतं. शब्द जिभेवर आला की नेमका टायमर वाजायचा.

मग ट्रंक बोर्डावरच्या बाईनं काय करावं? तिनं कॉल वाढवला. एका मिनिटाची दोन झाली, दोनाची पाच. एक दिवसाआडचं रोजचं झालं. तिसऱ्या आठवड्यात त्या सलग अर्धा तास पळत होत्या. दम लागायचा, वाक्यं तुटायची, आणि तुटक्या वाक्यात ती गोष्ट काही मावायची नाही. उजव्या पायाची नळी ठणकायला लागली, तर त्यांनी तेल चोळलं आणि पळाल्या. एका सकाळी मात्र जिना उतरताना पाय टेकवेना.

श्रद्धानं नळीवर अंगठा दाबला आणि कांताबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"काकू, खरं सांगा, किती पळत होतात?"

"वाढवत गेले थोडंसं."

"तीन आठवडे बंद. हाडावर ताण आलाय. असंच पळत राहिलात तर चीर जाईल, मग पळणं कायमचं विसरा."

त्या 'कायमचं'नं बाईंची झोप उडाली. घरी फोटोसमोर बसून बोलून पाहिलं. फोटो साधं 'बरं'सुद्धा म्हणेना. नवव्या दिवशी पहाटे न राहवून त्यांनी बूट चढवले आणि गेटपर्यंत गेल्या. पायातून कळ आली. पाय गेला तर सुखदेव दुसऱ्यांदा जाणार होते, आणि त्याही वेळी कारण कांताबाईंची घाईच. त्या कठड्याला धरून परत वर आल्या आणि बूट काढून खूप रडल्या.

बाविसाव्या दिवशी श्रद्धानं पुन्हा दाबून पाहिलं, दुखत नव्हतं. "पहिल्यापासून सुरू," ती म्हणाली. "एक मिनिट, दोन मिनिटं. आणि वाढवायचं नाही."

तळ्यावर पुन्हा धुकं होतं. कांताबाई मिनिटभर पळाल्या. सुखदेव शेजारी होते. तिसरा बाक दिसायला लागला, शब्द जिभेवर आला आणि टायमर वाजला. अजून वीस पावलं पळून बोलून टाकावं, असं फार वाटलं. पण त्या थांबल्या, चालायला लागल्या, आणि शेजारची जागा रिकामी झाली.

तेव्हा त्यांना मागे चपला घासल्याचा आवाज आला. सावकाश, दमलेला. चालताना सुखदेव नाहीसे होत नव्हते. ते नेहमीसारखे मागे पडत होते, आणि बाईंनी कधी वळून पाहिलंच नव्हतं.

कांताबाई उभ्या राहिल्या. वळल्या. धुक्यातून तपकिरी स्वेटर हळूहळू जवळ येईपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

"अहो," त्या म्हणाल्या. दम अजिबात लागला नव्हता, वाक्य कुठंही तुटलं नाही. "त्या दिवशी मी तुम्हाला मागे टाकून गेले. चुकलं माझं."

सुखदेव शेजारी येऊन उभे राहिले.

"बरं," ते म्हणाले. "आता सावकाश चल."

तीन मिनिटं झाली. पुन्हा पळायचं म्हणून टायमर वाजू लागला. कांताबाईंनी तो बंद केला आणि सुखदेवच्या चालीनं पाऊल टाकत म्हणाल्या, "वाढवा."