जाळीची शिडी

पुरस्काराच्या फॉर्मवरचा एकच रकाना रिकामा होता, पण त्यानंच वेल्डरबाईचं डोकं उठवलं होतं. ‘आजवर किती प्राणी वाचवले? आकडा लिहा.’

“लिही की दोन हजार,” दादा म्हणाला. वर्कशॉप त्याचं, बहीणही त्याचीच, त्यामुळे टोमणे फुकट. “कोल्हे काय साक्षीला येणारेत?”

“खोटं लिहून बक्षीस नको मला.”

वस्तीबाहेर पाणी खात्याचे बेचाळीस उघडे हौद. भिंती सरळसोट, गुळगुळीत. प्यायला वाकलेला ससा, कोल्हा, मुंगूस आत पडला की संपलाच. बाईनं उरल्यासुरल्या लोखंडातून जाळीच्या शिड्या बनवल्या आणि तीन हौदांत सोडल्या. चौथ्याला खात्याचा साहेब आडवा आला. “आधी उपयोग दाखवा, मग परवानगी.” प्राणिरक्षणाचा पुरस्कार मिळाला तर याचं तोंड बंद होणार होतं. तिला तो हवा होता तो एवढ्यासाठीच.

तिनं रकान्यात लिहून टाकलं, ‘माहीत नाही.’

आठवड्यानं परीक्षक मॅडम हौदावर आल्या. साहेबही सोबत. “माहीत नाही म्हणजे काय हो?” मॅडमनी विचारलं.

“अहो, वाचलेला कोल्हा पोच द्यायला थांबतो का? चढला की धूम ठोकतो!”

साहेब फिस्सकन हसला. “म्हणजे एकही नसेल.”

बाईची सटकली. “दादा, धर!” दोघांनी साखळी ओढून शिडी बाहेर काढली, साहेबाच्या बुटांपुढे आदळली. कडांचा लाल रंग जसाच्या तसा. मधोमध मात्र वीतभर पट्टा घासून उघडा पडलेला, तारांत करडे-तांबूस केस अडकलेले.

“वर्षापूर्वी दोन हात रंग मारलाय मी. माझा रंग असातसा उडत नाही. कुणाच्या पायांनी उडाला, सांगा आता!”

मॅडम उकिडव्या बसल्या, पट्ट्यावरून बोट फिरवत राहिल्या.

पुरस्काराच्या दिवशी हॉल खच्चून भरलेला. बाईनं सन्मानचिन्ह काखेत मारलं आणि माईक ओढला. “एकोणचाळीस हौद राहिलेत. साहेब पहिल्या रांगेत बसलेत. परवानगीचा कागद मी आणलाय, पेनही आणलंय.”

आधी हशा, मग टाळ्या, मग तर अख्खा हॉल उभाच राहिला. साहेबाला स्टेजवर यावंच लागलं. टेबल कुठंच नव्हतं, तेव्हा दादा पुढे होऊन वाकला. त्याच्या पाठीवर कागद ठेवून साहेबानं सही केली.

“जरा उरका साहेब,” दादा खालून म्हणाला, “एकोणचाळीस शिड्या करायच्यात आम्हाला.”