सव्वीस ठिपक्यांचा नकाशा

मी एक नकाशा आहे, पण माझ्यावर नदी नाही, डोंगर नाही, एकही गाव नाही. माझ्यावर सव्वीस बायका आहेत. प्रत्येकीचा एक ठिपका, आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा.

जालन्यात मस्तगडच्या एका दुकानात मी कोरा, जाड कागद म्हणून गुंडाळून पडलो होतो. रूपाली मॅडमनी मला घेतलं आणि एसटीनं घनसावंगीला आणलं. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या बायकांना दहावीला बसवणारं तिथं एक छोटं केंद्र आहे. मॅडम रोज संध्याकाळी फोनवरून शिकवायच्या. शंका, उत्तरं, सगळं ग्रुपवर.

पण कोण शिकतंय आणि कोण मागं पडतंय, हे त्यांना कळत नव्हतं. एका प्रशिक्षणात त्या सोशल नेटवर्क अॅनालिसिस, म्हणजे कोण कुणाशी किती बोलतं ते रेघांनी मांडणं, शिकून आल्या होत्या. दोन महिन्यांचे मेसेज त्यांनी एकेक करून वाचले. एकीनं दुसरीला उत्तर दिलं की त्या दोघींच्या ठिपक्यांमध्ये एक रेघ ओढायची. बोलणं जास्त, तर रेघ जाड. असा मी तयार झालो. मधोमध कौसल्याचा ठिपका होता. गणिताची निम्मी उत्तरं तिच्या नावावर होती. आणि पार कडेला सहा ठिपके होते, त्यांना एकही रेघ नव्हती. त्यांतला एक बेबीनंदाचा.

मॅडमना या सहा जणींना मदत करायची होती. केंद्रप्रमुख अण्णासाहेबांनी मात्र मला पाहिलं आणि लगेच पेन काढलं.

"मॅडम, तुम्हीच दाखवून दिलं. या सहा जणी वर्गात न्हाईतच. यांचे फॉर्म कशाला भरायचे? निकाल खाली येईल."

"सर, मी हा नकाशा नावं कापायला काढला नव्हता."

"शनिवारपर्यंत मुदत आहे. तोवर काही दाखवता आलं तर दाखवा."

मी खोटं बोललो नव्हतो. तरी माझ्या साक्षीनं सहा जणींची दहावी जाणार होती. भिंतीवर टांगलेल्या अवस्थेत मला तोंड लपवायलाही जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला गुंडाळून काखेत मारलं आणि बेबीनंदाचं गाव, कुंभार पिंपळगाव गाठलं. बेबीनंदा कापूस वेचून नुकतीच आली होती. "जयभीम, मॅडम," म्हणत तिनं पोतं अंथरलं. मॅडमनी मला जमिनीवर उलगडलं. शेजारची कौसल्याही आली आणि माझ्या एका कोपऱ्यावर तांब्या ठेवून बसली.

"यात मी कोणती?" बेबीनंदानं विचारलं.

मॅडमनी बोट ठेवलं. तिनं वाकून तो ठिपका पाहिला.

"एवढी लांब? मी तर रोज वर्गाला असते."

"पण ताई, ग्रुपवर तुमचं एक अक्षर नाही."

"फोन मिथुननं नेला ना. पोरगा जालन्याला कामाला गेला, त्याला लागतो. मी कौसल्याच्या फोनवर ऐकून राह्यले."

कौसल्या आपल्या ठिपक्याकडं पाहून ओशाळली होती. "मॅडम, ते गणितं मी सोडवत न्हाई. ही सोडवती, मी फोनवर लिहिते. मला वाटलं, तुम्हाला माहीत असंल."

मॅडमनी बेबीनंदाची वही मागितली. बेबीनंदानं उतरंडीवरून वही काढली. पानापानावर तारखा होत्या, एकही दिवस चुकला नव्हता. मॅडमनी लाल पेन घेतलं आणि बेबीनंदापासून कौसल्यापर्यंत माझ्यावर एक जाड रेघ ओढली.

पुढचे तीन दिवस आम्ही उरलेल्या पाच जणींची घरं शोधली. तिघी दुसरीच्या फोनवर शिकत होत्या, त्यांच्याही लाल रेघा माझ्यावर आल्या. एकीनं वर्ग सोडला होता, पण मॅडमशी बोलून ती पुन्हा बसायला तयार झाली. एकीनं दारच उघडलं नाही.

शनिवारी मॅडमनी अण्णासाहेबांच्या टेबलावर आधी पाच फॉर्म आणि चार वह्या ठेवल्या, मग मला पसरलं.

अण्णासाहेबांनी वह्या चाळल्या. "आणि ही पाचवी? हिची वही कुठं हाये?"

"तिनं वर्ग सोडला होता, आता पुन्हा बसतेय. वही अजून नाही. तिची जबाबदारी माझी."

"निकाल पडला तर?"

"तर माझं नाव सांगा. पण फॉर्म पाचही भरायचे."

त्यांनी चष्मा पुसला, परत एकदा लाल रेघा पाहिल्या आणि सह्या केल्या.

मार्चमध्ये पाचही जणी परीक्षेला बसल्या. तिघी पास झाल्या, दोघींचं इंग्रजी राहिलं, त्या आता पुन्हा अभ्यास करतायत. बेबीनंदाला गणितात एक्क्याऐंशी गुण पडले. दार न उघडणारीकडं मॅडम अजून दोनदा जाऊन आल्यात.

आता माझे कोपरे फाटलेत, घड्यांवर चिकटपट्टी आहे. नव्या तुकडीचा नकाशा मॅडम संगणकावर काढतात, तो क्षणात तयार होतो, माझ्यापेक्षा देखणाही असतो. माझी त्याला हरकत नाही.

शिकवणाऱ्यांनो, तुम्हीही असे नकाशे जरूर काढा. पण मी एका फोनपासून दुसऱ्या फोनपर्यंतच बघू शकतो. दोन बायका एका पोत्यावर बसून एकच गणित सोडवतात, ते मला दिसत नाही. तेव्हा कडेला एकटा ठिपका दिसला की पेन खाली ठेवा, पायांत चपला घाला आणि तिच्या घरी जा.