माणिकबाईंचं पोट

पातूरकडच्या साठीच्या माणिकबाई सकाळपासून डावं पोट धरून कण्हत होत्या. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर ललित सरांनी उभ्याउभ्याच पाहिलं. "मुतखडा दिसतो. नीट तपासून लिही," असं अमरावतीहून आलेल्या इंटर्न प्रियदर्शनीला सांगून ते पुढच्या खाटेकडे वळले.

प्रियदर्शनीनं पडदा ओढला, तळवे चोळून गरम केले. "मावशी, गुडघे दुमडा."

"दुखते तिथं नको दाबू वं माय."

"तिथं शेवटी."

उजवीकडून हळूहळू ती डावीकडे आली. बेंबीखाली दाबून हात पटकन उचलला, तशा बाई किंचाळल्या. मुतखड्यानं असं होत नाही. मग बोटावर बोट आपटून ती पोट वाजवू लागली. उजव्या बरगडीखाली भरीव लिव्हर. तिथं आवाज बद्द यायला हवा. आला पोकळ, रिकाम्या डब्यासारखा. आतडं फुटून हवा पसरली की काय? पण सहज म्हणून तिनं डावी बरगडी वाजवली. बद्द!

"काय शोधून राहिली वं?"

तिनं स्टेथोस्कोप छातीच्या डावीकडे ठेवला. ठोके क्षीण. उजवीकडे सरकवला, तर कानात धडधड.

ती धावतच सरांकडे गेली. "सर, यांचे सगळे अवयव उलट्या बाजूला आहेत. अपेंडिक्सही डावीकडे असेल, तेच सुजलं असणार!"

सर कपाळाला आठ्या घालून आले, त्यांनी स्वतः वाजवून पाहिलं. "सोनोग्राफी करून घे. सर्जनला मी बोलावतो."

सोनोग्राफीतही तेच निघालं. दुपारी ऑपरेशन झालं. सुजलेलं अपेंडिक्स डावीकडेच सापडलं.

तिसऱ्या दिवशी माणिकबाई उशीला टेकून चहा पीत होत्या. "इतके वर्सं मले कोणीच कसं नाही सांगितलं?"

"कोणी वाजवून पाहिलंच नसेल."

"पण असं झालं कावून?"

"जन्मतःच असतं. आरशात दिसतं तसं."

बाईंनी कप खाली ठेवला. "मंग माह्या गोपालचंबी असंच असन का?"

प्रियदर्शनीलाही ते जाणून घ्यायचंच होतं. गोपाल धामणगावहून आईला भेटायला आला, तसं तिनं त्याला बाकावर आडवं केलं. माणिकबाई मान लांब करून पाहू लागल्या. उजव्या बरगडीखाली बोट आपटलं. बद्द.

"याचं सरळ आहे, मावशी."

बाईंचा चेहरा जरासा उतरला. "बापावर गेला," त्या म्हणाल्या.