डोंगराची शेंडी वेळेवर आली

मी एसएसडी बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका. तळहाताएवढी काळी, चपटी डबी, कॉम्प्युटरच्या पोटात बसते, एवढंच माझं रूप. तुम्ही जे साठवाल ते मी सांभाळतो आणि मागाल तेव्हा काढून देतो. जुन्या हार्ड डिस्कच्या आत तबकडी गरागरा फिरते, माझ्यात फिरणारं काहीच नाही. उगाच नम्रपणा कशाला? मी भलताच वेगवान आहे आणि त्याचा मला फार तोरा होता.

श्रीवर्धनच्या बाजारात दिपेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या काचेच्या कपाटात मी चार महिने धूळ खात पडलो होतो. एके दिवशी कोळीवाड्यातली किशोरी आली.

"दादा, विमानाचा गेम ह्यानं नीट चालंल ना?"

दिपेश सरळ माणूस. म्हणाला, "लवकर उघडेल. मधेमधे अडकायचा नाय. डोंगर, किनारा सगळं वेळेवर दिसेल. पण चित्र नवीन होणार नाय हां. आत जे भरलेलं हाय तेच दाखवील."

"तेवढं बस हाय," ती म्हणाली आणि मला ओढणीत गुंडाळून घरी घेऊन गेली.

त्या घरात माझ्याआधी एक म्हातारी हार्ड डिस्क होती. अख्खी दुपार घरघर करत तिनं सगळं माझ्या हवाली केलं. किशोरीच्या भावाचे, मितेशचे फोटो, हळदीची गाणी, तो विमानाचा गेम आणि मितेशनं हौसेनं उतरवून घेतलेला आपला सगळा किनारा. काशीदपासून खाली श्रीवर्धनपर्यंत, आकाशातून काढलेल्या खऱ्याखुऱ्या फोटोंचा. शेवटी म्हातारी म्हणाली, "सावकाश देत जा रे बाबा. मी सावकाश देत होते म्हणून ह्या घराचं चाललं होतं." मी मनात म्हटलं, म्हातारीचं आपलं काहीतरीच!

मितेश ऑगस्टात होडी घेऊन एकटाच जाळं उचलायला गेला होता. वारा फिरला. त्याच्या थोडं आधी त्यानं होडीतूनच बापाला फोन केला होता, "बाबा, डोंगराची शेंडी कड्याला टेकलेय. जाळं उचलतो नि येतो." तो आला नाही, होडीही नाही. हेलिकॉप्टरनं दोन दिवस शोधलं आणि शोध थांबला.

बाप अनंता ते मानायला तयार नव्हता. हे लोक समुद्रातली जागा किनाऱ्यावरच्या खुणांनी ओळखतात. अमका डोंगर तमक्या कड्याच्या रेषेत आला की ती जागा. अनंता म्हणायचा, "त्यांनी जीपीएसच्या आकड्यांवर शोधलानी. शेंडी कड्याला कुणी लावली? कुणीच न्हाय!"

मितेशनंच एकदा त्याला गेममधून घर दाखवलं होतं. कौलं, मागचं परसदार, आईनं वाळत घातलेली मासळी. तेव्हापासून अनंताला वाटायचं की ह्यातून खालचं जे आहे ते दिसतं. पन्नाशीतला माणूस मुलाची जॉयस्टिक धरून विमान चालवायला शिकला. होडीच्या सुकाणूचा दांडा डावीकडं ढकलला की होडी उजवीकडं वळते, त्या सवयीनं त्याचं विमान पहिले आठ दिवस भलतीकडंच जायचं.

त्याची बायको तुळशी एकच गोष्ट मागत होती. "अवो, दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या. पोर तिकडं अडकून राह्यलंय. त्याला वाटंला लावा."

"एकदा वरनं बगू दे मना. मग करू," तो म्हणायचा.

त्या म्हातारी हार्ड डिस्कला गेम उघडायला सहा मिनिटं लागायची. तेवढा वेळ तुळशी मासळीची पाटी कमरेवर धरून दारात उभी राहायची, देवाचं नाव घेत ओठ हलत असायचे. मग खाली हिरवा-निळा चिखल दिसायचा. डोंगराला आकार यायचा तोवर विमान पुढं गेलेलं असायचं. "चुकला. उद्या परत," अनंता म्हणायचा आणि उठायचा. असे सहा महिने गेले.

मग मी आलो.

सकाळची वेळ होती. मी अर्ध्या मिनिटात गेम उघडला. तुळशीचे ओठ हलायला लागेपर्यंत विमान वर होतं. डोंगर वेळेवर आला, कडा वेळेवर आला. शेंडी कड्याला टेकली तसा अनंता खुर्चीत पुढं सरकला. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

खाली पाणी होतं. गेमचं पाणी, सगळीकडं तेच. त्यानं अकरा घिरट्या घातल्या. मग जॉयस्टिकवरचा हात सैल पडला.

"काय न्हाय," तो म्हणाला.

"मग करायचं ना?" तुळशीनं दारातूनच विचारलं.

"करू."

विमान तसंच सोडून तो उठला नाही. होडी घरी आणावी तसं त्यानं ते बंदराकडं वळवलं. म्हातारीच्या वेळी बंदर म्हणजे नुसता करडा डाग असायचा. मी ते लख्ख आणलं. धक्का आला, होड्या आल्या. एका होडीवर निळी ताडपत्री होती आणि तिला केशरी ठिगळ होतं. ते ठिगळ अनंतानंच लावलं होतं.

"तुळशे! होडी लागलेय! धक्क्याला लागलेय गो!"

तो अनवाणी पळाला. तुळशीनं पाटी टाकली आणि त्याच्यामागं धावली. बोंबील ओटीभर पसरले. किशोरी तोंडावर हात दाबून बसून राहिली. तो फोटो तीन वर्षांपूर्वीचा होता. मी तो पडद्यावर तसाच धरून होतो, मला दुसरं काही येत नाही.

बऱ्याच वेळानं दोघं परत आली.

"बाबा, तो जुना फोटो हाय," किशोरी म्हणाली.

"तुला म्हाईत होतं?"

"व्हय."

"मंग सांगितलंस का न्हाय?"

"तुम्ही त्याच्यावरच तर जगत होता, बाबा."

अनंता खाली बसून बोंबील एकेक उचलून पाटीत टाकत राहिला. पाटी भरल्यावर म्हणाला, "भटजीला बोलव."

गुरुवारी वाळूत पुतळ्याला अग्नी दिला. ठिगळाच्या कापडाचा उरलेला तुकडा अनंतानं पुतळ्याला गुंडाळला होता, असं मी किशोरीच्या तोंडून ऐकलं.

आता अनंता ह्या खुर्चीवर बसत नाही. तुळशी बसते. दुपारी बाजारातून आली की हातसुद्धा न धुता म्हणते, "किशोरे, होडी दाव." किशोरी गेम उघडते, मी झटकन होडी आणून देतो. तुळशी ठिगळावर बोट ठेवते, पडद्याला मासळीचे खवले चिकटतात. "हाय, बांधलेलीच हाय," म्हणते आणि चुलीकडं जाते.

दिपेश खोटं बोलला नव्हता. माझ्यामुळं विमान छान चालतं, कुठं अडकत नाही. पण किशोरी, तुला माझं ऐकू येत असेल तर एवढं कर. म्हातारी अजून टेबलाच्या खणात फडक्यात आहे. मला काढ आणि तिला परत बसव. तुझ्या आईला दारात उभं राहून देवाचं नाव घ्यायला सहा मिनिटं तरी मिळू देत.