शीलाच्या वेणीची कात्री

मित्रांनो, मी कात्री. जुनी आहे, नऊ इंची आहे, मुठी पितळेच्या आहेत आणि स्वभाव काही चांगला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी डोळे पुसत ‘बिचारी कात्री’ म्हणायला नको. बिचारी मी नाही. या गोष्टीत बिचारं कोण आहे ते तुम्हाला कळेलच.

माझा जन्म मेरठचा. एका भंगार ट्रकच्या खालचं लोखंड तापवून, ठोकून, घासून माझी दोन पाती केली. म्हणजे आजकाल ज्याला ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून मिरवतात, तशी मी जन्मापासूनच आहे. तिथून मी यवतमाळच्या एका दुकानात आले आणि काचेमागे वर्षभर पडून राहिले. मग एक दिवस मारोतराव आले. घाटंजीजवळच्या खेड्यातले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांची मुलगी शीला शिवणक्लास पास झाली होती. त्यांनी मला हातात तोललं, अंगठ्यानं धार पाहिली आणि दुकानदाराला म्हणाले, ‘हे बांधा.’ बस्स, एवढंच माझं लग्न.

शीलाच्या हाती माझे जे दिवस गेले, तसे पुन्हा आले नाहीत. तिचा एकच नियम होता: ही कात्री फक्त कापडाला. कागदानं धार मरते, हे शिवणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. तिच्या भावानं, नयननं, एकदा माझ्यानं वहीचं कव्हर कापलं, तर ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. गावातल्या निम्म्या बायांचे ब्लाउज माझ्या तोंडातून गेले आहेत. बाया म्हणायच्या, ‘शीलाची कात्री कशी पाण्यावानी चालते.’ मी फुगून जायची. दर शनिवारी शीला माझ्या स्क्रूवर मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायची आणि मला चिंधीत गुंडाळून ठेवायची.

आता तिच्या केसांबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळं तिथंच आहे. शीलाची वेणी कमरेच्या खाली जायची. सगळे केस काळे कुळकुळीत, पण डाव्या कानामागची एक बट जन्मापासून भुरी होती. शाळेत पोरी तिला ‘भुरी’ म्हणून चिडवायच्या. म्हणून तिची आई, वच्छलाबाई, वेणी घालताना ती बट उचलून मधल्या पेडात घालायची आणि वरून काळे केस घ्यायची. रोज सकाळी ओट्यावर बसून हे चालायचं. शीला सव्वीस वर्षांची झाली, तरी वेणी आईच घालायची आणि बट आईच लपवायची.

विंचरताना जे केस निघत, त्या गुंतवळाचा बोळा करून वच्छलाबाई भिंतीच्या फटीत खोचून ठेवायची. महिन्या-दोन महिन्यांनी केसवाली यायची, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन. बाया आपापले बोळे आणायच्या, ती तराजूत टाकायची आणि बदल्यात चमचा द्यायची, गाळणी द्यायची. मूठभर केसांवर मोठं भांडं मागितलं की ती हसायची आणि म्हणायची, ‘बाई, एवढ्यात तं अख्खी वेणी लागते.’ सगळ्या बाया हसायच्या. वच्छलाबाईही हसायची.

मग शीलाला रक्ताचा आजार निघाला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की औषधानं केस जातील. घरी आल्यावर शीलानं मशीनच्या खणातून मला काढलं आणि आईच्या हातात दिलं. म्हणाली, ‘माय, गळून गळून उशीवर पडण्यापरस तूच काप. एका वेणीत राह्यतील तरी.’

वच्छलाबाईनं शेवटची वेणी घातली, भुरी बट आत घातली, वरून-खालून काळा दोरा घट्ट बांधला. मी केस कधी कापले नव्हते. कापड कापताना सर्र आवाज येतो, केसांचा आवाज बारीक असतो, करकर. चार वेळा दाबावं लागलं. चौथ्यांदा वेणी वच्छलाबाईच्या हातात आली आणि शीला मान हलवून म्हणाली की डोकं हलकं वाटते. चार महिन्यांत ती गेली.

वेणी राहिली. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, शीलाच्या न शिवलेल्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून. वच्छलाबाई आठवड्यातून एकदा तिला बाहेर काढायची, खोबरेलाचं बोट फिरवायची, थोडं ऊन दाखवायची आणि परत ठेवायची. पुढे मारोतरावही गेले. शीलाचा फोटो फक्त आधार कार्डावरचा होता आणि त्यात ती शीलासारखी दिसतच नव्हती. आईजवळ लेकीचं खरं असं काही उरलं असेल, तर ती वेणी. मी खणात गंज खात पडले होते आणि खोटं कशाला बोलू, मला त्या वेणीचा हेवा वाटायचा.

नयनचं लग्न झालं आणि पुसदहून खुशी आली. पोरगी हुशार, हात चालता, आळस नाही. तिचा ब्लॉग होता, ‘खुशीची घरगुती कमाल’. जुन्या साडीचं पायपुसणं, बाटलीचा दिवा, मेथी-जास्वंदीचं केसांचं तेल, घरच्या घरी केस कसे कापावे, असं सगळं ती लिहायची आणि फोनवर व्हिडिओ काढून टाकायची. तिनं मला खणातून काढलं तेव्हा मला वाटलं, चला, दिवस पालटले. कशाचे पालटतात! तिनं माझ्यानं पुठ्ठे कापले, प्लास्टिकच्या बाटल्या कापल्या, पत्र्याचा डबासुद्धा कापला. माझ्या पात्यांवर गरम डिंकाचे गोळे जमले. आणि प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला ती मला कॅमेऱ्यासमोर धरून रिकामीच वाजवायची, कचकच कचकच. ती तिची खूण होती. वच्छलाबाई चुलीपासून म्हणायची, ‘रिकामी कात्री वाजवू नाही वं, घरात तंटा होते.’ खुशी तेवढा सासूचा आवाज नंतर काढून टाकायची.

ब्लॉगवर तिच्या कापडी बाहुल्या चालू लागल्या. फक्त लोक लिहायचे की लोकरीचे केस नकली दिसतात. मग पुण्याच्या एका बाईंनी कळवलं की खऱ्या केसांच्या असतील तर बारा बाहुल्या घेते, एकदम बारा. खुशीनं आधी सरळ वेणीचं विचारलं. ‘आई, डब्यात पडून पडून कसर लागेल तिले. बाहुलीवर राहील तं जग पाहील.’ वच्छलाबाईनं भाकरी थापणं थांबवलं नाही. ‘ते सोडून घरातलं काहीबी घे,’ एवढंच म्हणाली.

त्या आठवड्यात दारावर धारवाला आला. खुशीनं मला त्याच्या चाकाला लावलं. मित्रांनो, इथं मी तुमच्यापासून काही लपवणार नाही. मला फार आनंद झाला. इतक्या वर्षांनी कोणी माझी धार पाहिली, डिंक खरवडला, पाती चमकवली. मला वाटलं, आता परत कापड येणार. एवढी धार कशासाठी लावली, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

बाजाराच्या दिवशी वच्छलाबाई सकाळच्या एसटीनं घाटंजीला गेली. खुशीनं डबा उतरवला. वेणीचा दोरा मीच तोडला. मग केस मोकळे करून खुशीनं उभे बारा भाग केले आणि एकेका भागाचे बाहुलीच्या मापाचे तुकडे मीच केले, सटासट, एका दमात, कुठं अडकले नाही. माझी धार इतकी चांगली कधीच नव्हती. बाराव्या भागात ती भुरी बट आली. खुशी क्षणभर थांबली, ती बट बोटावर गुंडाळून पाहिली आणि म्हणाली, ‘हे तं लय भारी दिसन.’ ग्लू-गन, ती डिंकाची बंदूक, तापली होती. दुपारपर्यंत बारा बाहुल्यांच्या डोक्यावर केस आले.

रिकामा डबा ब्लाउजपीससकट कोपऱ्यात सारून त्याच्या जागी खुशीनं एक नवाकोरा स्टीलचा गंज ठेवला, म्हणजे दूध तापवायचं पातेलं. चांगला तीन शेर दूध मावेल एवढा. केसावर भांडं, हा तर सगळ्या गावाचाच व्यवहार. तिच्या हिशेबी तिनं काही लुबाडलं नव्हतं, उलट केसवालीपेक्षा मोठ्या मनानं दिलं होतं.

चार वाजता वच्छलाबाई पिशवी घेऊन आली. खुशीनं तिला पाणी दिलं, ओट्यावर बसवलं आणि म्हणाली की आई, तुमच्यासारखी वेणी कोणालेच घालता येत नाही, या बाहुल्यांच्या घालून द्या, मी व्हिडिओ काढते. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि सुनेनं सासूच्या हाताचं कौतुक त्या दिवशी पहिल्यांदा केलं. म्हातारीचं तोंड उजळलं. पदर सावरून बसली. मी तिच्या गुडघ्याशी पडले होते, दोरे कापायला.

पहिली बाहुली झाली, दुसरी झाली. वच्छलाबाई खुलली होती, केस केसवालीकडून आणले असतील असं तिनं धरलं होतं. म्हणाली, केस लय नरम आहेत, आमच्या शीलाचे असेच होते. खुशीनं फोन आणखी जवळ आणला. पाचवी झाली, आठवी झाली. प्रत्येक बाहुलीच्या डोक्यावरून म्हातारी हात फिरवायची आणि बाजूला बसवायची. अकरा वेण्या तिनं आपल्या लेकीच्या केसांच्या घातल्या आणि तिला कळलं नाही. मला कळत होतं, पण कात्रीला कापण्यापलीकडं तोंड नसतं.

बारावी बाहुली हातात घेतली. केसांचे तीन पेड केले. डाव्या बाजूची भुरी बट तिच्या बोटांनी आपसूक उचलली, मधल्या पेडात घातली आणि वरून काळे केस घेतले. मग बोटं थांबली.

तिनं अंगठ्यानं ती बट पुन्हा वर काढली. मग म्हणाली, ‘खुशी, हे केस कोठचे व?’

‘थांबू नका आई, व्हिडिओ चालू आहे,’ खुशी म्हणाली.

आणि वच्छलाबाईनं वेणी पूर्ण केली. अर्धी वेणी सोडून उठायची तिला सवयच नव्हती. शेवटी मला उचलून तिनं दोरा कापला, तेव्हा तिचं लक्ष दोऱ्यावर नव्हतं, माझं पातं बाहुलीच्या कानाला लागलं. मग ती आत गेली आणि डब्याच्या जागी गंज दिसला. बाहेर येऊन तिनं आरडाओरड केली नाही. फक्त म्हणाली, ‘अकरा पाठव. हे एक मले दे.’

खुशीनं समजावलं की त्या बाईंनी बारा सांगितल्या आहेत आणि फोटोत हीच बाहुली सगळ्यांत वर दिसते आहे. नयन बाजूलाच खोक्याला टेप लावत होता. ज्याच्याशी शीला माझ्यापायी दोन दिवस बोलली नव्हती, तोच नयन. तो मान वर न करता म्हणाला, ‘माय, केसच तं होते. शीला थोडीच होती त्याच्यात.’ बारावी बाहुली खोक्यात गेली आणि टेप कापायला पुन्हा मीच.

व्हिडिओ गावोगावी पोचला. ‘बाहुलीची वेणी घालताना आजीला आठवली लेक,’ असं वर लिहिलं होतं. म्हातारी रडली नव्हती, नुसती थांबली होती, म्हणून मागे बासरी लावली. लाखो लोकांनी तिला गोड म्हटलं. राळेगावहून दोन पोरी तिच्यासोबत फोटो काढायला आल्या. तिनं फोटो काढू दिला, चहाही केला. रिकामी कात्री वाजवली की तंटा होतो म्हणतात. साफ खोटं. तंटा झाला असता तर निदान कोणी तिची बाजू घेतली असती. त्या घरात एक शब्द वाढला नाही. त्या गंजात रोज दूध तापतं.

माझं काय झालं? मी अडकू लागले. त्या दिवशी सटासट चालताना काही केस माझ्या स्क्रूभोवती गुंडाळले गेले होते, वर डिंक बसला. मी उघडेना. खुशीनं दोनदा झटकलं, मग गुलाबी मुठीची नवी कात्री आणली आणि मला भंगारवाल्यासाठी ठेवलेल्या बाटल्यांत फेकलं. टिकाऊतून टाकाऊ व्हायला इतकाच वेळ लागतो.

झाडताना मी वच्छलाबाईला सापडले. तिनं मला उन्हात धरलं. स्क्रूच्या फटीत सात-आठ काळे केस होते आणि एक भुरा. तिनं सुईनं एक केस ओढून पाहिला, तो तुटला. मग तिनं सुई ठेवून दिली. त्याच ब्लाउजपीसमध्ये मला गुंडाळलं आणि त्याच डब्यात, वेणीच्या जागी ठेवलं.

आता आठवड्यातून एकदा ती मला बाहेर काढते. स्क्रूवर खोबरेलाचं बोट फिरवते, थोडं ऊन दाखवते. ज्या पात्यांनी तिच्या लेकीचे बारा तुकडे केले, त्यांच्यावरून ती अंगठा फिरवते. एकदा टोक लागून अंगठा कापला, तर रक्त आधी केसांवरून पुसलं, मग बोटावरचं. त्या दिवशी ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. ‘तुले फेकता येत नाही व मले,’ म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. हे सोसत नाही.

परवा खुशी विचारत होती की आई, ती पितळी मुठीची कात्री दिसली का. जुन्या पितळेपासून भिंतीवरचं शोभेचं काहीतरी करायचं तिच्या मनात आहे. वच्छलाबाई म्हणाली, ‘नाई बा.’ आयुष्यात बहुधा पहिल्यांदा खोटं बोलली.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याजवळ येऊन म्हणतात, आम्हाला तेलपाणी करा, धार लावा, पुन्हा कामाला घ्या. माझं मागणं उलटं आहे. मला धार लावू नका. स्क्रू खोलू नका. मी कुठं आहे, हे खुशीला सांगू नका. आणि कधी हा डबा तुमच्या हाती लागलाच, तर मला उघडून पाहू नका. मी उघडले की आतले केस तुटतात.