आयाळीचा कंगवा आणि मंजुळेची जट

मित्रांनो, मी एक जुना शिसवी कंगवा आहे. माणसांच्या केसांसाठी मात्र मला कोणी घडवलेच नव्हते. धार गावच्या एका सुताराने मला कापले ते घोड्यांसाठी. म्हणून माझे दात जाड, आणि दोन दातांमध्ये बोट जाईल एवढी जागा.

देवासच्या पागेत खंडोजी मोतद्दार घोड्यांची निगा राखत. ते मला घेऊन आयाळ विंचरत. घोड्यांची तुकतुकी पाहून मोठी माणसे त्यांना शाबासकी देत, त्यातली थोडीशी मीही मनात ठेवून घेई. पुढे लोखंडी कंगवे आले आणि मी दाण्याच्या पोत्यामागे धूळ खात पडलो.

खंडोजींची विधवा बहीण राजाबाई त्यांच्याकडेच राहत असे. तिचे यजमान सिदी होते, त्यांचे पूर्वज समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून आलेले. पागेत ते घोडे शिकवीत. प्लेगात ते गेले. मागे राहिली लहानगी मंजुळा. तिचे डोळे आईचे आणि केस वडिलांचे, एकेक केस काकडीच्या वेलीच्या तणाव्यासारखा वळलेला.

या केसांना काय मानवते, याचे राजाबाईला मोठे कुतूहल. शिकेकाईने न्हाऊ घातले, तर ते वाळल्या गवतासारखे झाले. रिठ्याने त्याहून कोरडे पडले. तिळाचे तेल नुसते वर राही. बारीक दातांची फणी तर शिरतच नसे, आणि पोर रडे. मग विंचरणे लांबत गेले आणि मानेपाशी केसांचा एक घट्ट गोळा झाला.

शेजारच्या जानकीबाई मनाने मायाळू. दर मंगळवारी टेकरीवर देवीला जायच्या. त्यांनी तो गोळा पाहिला आणि हात जोडले.

“राजाबाई, ही जट आहे गं. देवीआईनं पोरीला मागून घेतलंय. आता फणी लावू नको.”

आमच्या दक्षिणेतून माळव्यात आलेल्या मराठी लोकांत जट ही देवीची खूण मानत. जिला जट आली, तिला देवीला वाहायचे. मग तिला लग्न नाही, घर नाही. परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा. अशा केसांच्या मुलीला तसेही कोण करून घेणार, असे वस्तीत बोलले जाई. नवरात्रातल्या अष्टमीला मंजुळेला वाहायचे ठरले.

राजाबाई स्वतः मंगळवार धरणारी. आईला नाही म्हणायची तिची छाती नव्हती. पण खूण खरोखर आईची, की आपल्याला विंचरता आले नाही त्याची, हे तिला कळेना. एका सकाळी ती भावाला हळूच म्हणाली, “दादा, आईची असेल तर माझ्या हातानं सुटायची नाही. सुटली, तर ती आपलीच गाठ. एकदा पाहू तर दे.”

खंडोजी उठून पागेत गेले आणि मला पोत्यामागून काढून झटकू लागले. कंगवा भाचीसाठी हवा हे ऐकून तिथला माळवी जोडीदार हसला, “भिया, छोरी है के घोड़ी?”

“घोडीला निदान आपण नीट विंचरतो,” खंडोजी म्हणाले.

पण पहिल्या दिवशी माझेही काही चालले नाही. राजाबाईने मला कोरड्या केसांत मुळापासून ओढले. मंजुळा कळवळली आणि माझा एक दात मोडला. राजाबाईचा चेहराच उतरला. आईचा कोप तर नाही? तिने मला खाली ठेवले आणि टेकरीच्या दिशेला नमस्कार केला.

त्या दिवशी खंडोजींच्या गुडघ्याला पोटीस बांधायला अळशी शिजवून ठेवली होती. मंजुळेने गार झालेल्या त्या बुळबुळीत पाण्यात हात घातला, आणि खोडी म्हणून तोच हात केसांना पुसला. मग नवल वाटून म्हणाली, “आई, बघ ना, केस निसटतात.”

राजाबाईने बट बोटांत धरली. खरेच, केस केसावरून घसरत होते. तिने अळशीचे पाणी गाळले, ओल्या केसांना भरपूर लावले आणि या वेळी मला टोकापासून चालवले. जरा सुटले की जरा वर. घाई नाही. मला तर त्या गोळ्याच्या आत काय असेल याचीच उत्सुकता लागली होती. शेवटचा गुंता सुटला, तेव्हा आतून पागेतल्या गवताचे एक कुसळ निघाले. त्याच्याभोवतीच सारे केस गुरफटले होते.

अष्टमीला जानकीबाई ओटीचे सामान घेऊन आल्या. राजाबाईने ते कुसळ त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते बोटाने उलटवून पाहिले. मंजुळेचे मोकळे, ओलसर कुरळे केस त्यांनी बोटांनी चाचपले आणि त्यांत शेवंतीचे एक फूल खोवले. ते पडले नाही.

“आई अशी कुसळ धाडून मागायची नाही,” त्या म्हणाल्या. “चल, दर्शनाला जाऊ. आणि राजाबाई, उतरताना पोरीचा हात सोडू नकोस.”

मी घरीच होतो. दिवेलागणीला उंबऱ्याशी आधी मंजुळेचा आवाज आला, तिला भूक लागली होती. इतके साधे बोल मी त्याआधी इतके कान देऊन कधी ऐकले नव्हते.

मित्रांनो, एवढेच सांगतो. कोणाचे केस सरळ, कोणाचे वळणाचे. ज्याने घडवले त्याला दोन्ही ठाऊक. गुंता दिसला तर आधी पाण्याने भिजवा, टोकापासून हात लावा, आणि मगच ती कोणाची खूण आहे ते ठरवा.